वाचकांचे प्रश्न : मिनिएचरची घडण, ओतकाम आणि रंगकाम

काल्पनिक विश्वातील युद्धखेळांसाठी लागणाऱ्या मिनिएचर मूर्तींमध्ये बदल करणे, त्यांचे भाग ओतणे आणि त्या रंगवणे या छंदाविषयी आलेल्या निवडक पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. सारख्या स्वरूपाची पत्रे एकत्र केली असून काही संक्षिप्त केली आहेत. पत्रे वाचताना वारंवार जाणवले की, बहुतेक अडचणी ज्या पायरीवर दिसतात त्या पायरीवर जन्मलेल्या नसतात. रंगात दिसणारा दोष बहुधा त्याखालच्या अस्तरात असतो आणि ओतीव मूर्तीत दिसणारा दोष साच्यात असतो. त्यामुळे उत्तर देताना अनेक ठिकाणी प्रश्नाच्या एक पायरी मागे जावे लागले आहे.

प्रश्न : माझ्याकडे प्लॅस्टिकच्या ड्वार्फ, म्हणजे कथांतील बुटक्या, योद्ध्यांचा संच आहे. त्यांतील एक योद्धा जखमी सोबत्याला पाठुंगळी घेऊन रणांगणातून बाहेर पडत आहे, असे दृश्य मला घडवायचे आहे. दोन मूर्ती कापून जोडल्या, परंतु वाहून नेणारा योद्धा पहाऱ्यावर उभा असल्यासारखा ताठ दिसतो आणि पाठीवरचा सोबती पोते चिकटवल्यासारखा वाटतो. माझे काय चुकले?

उत्तर : आपली कल्पना सुंदर आहे. जिंकणाऱ्या वीरांच्या मूर्ती बाजारात पुष्कळ मिळतात, पण सोबत्याला वाचवणारा योद्धा आपल्यालाच घडवावा लागतो, आणि रूपांतराच्या, म्हणजे तयार मूर्ती बदलण्याच्या, कामाचे खरे प्रयोजन मला तिथेच दिसते. आपली चूक जोडकामात नसून कापण्यापूर्वीच्या विचारात झाली आहे. मूळ मूर्तीचा तोल तिच्या एकटीच्या वजनासाठी साधलेला होता. त्यावर दुसऱ्याचे वजन आले तरी तिने आपली ठेवण बदलली नाही, म्हणून डोळ्याला ते ओझे खरे वाटत नाही.

पाठीवर भार घेतलेला माणूस कमरेतून पुढे झुकतो, त्याचे गुडघे वाकतात, मान खाली जाते, पण नजर वाट शोधण्यासाठी वर राहते. भार आणि शरीर यांचे एकत्रित वजन पावलांच्या आधारक्षेत्रात पडावे यासाठी शरीराची ही सगळी खटपट चालते. मूर्तीसमोर दोऱ्याला लहान वजन बांधून ओळंबा धरावा आणि दोन्ही शरीरांचा मिळून मध्य कोठे येतो याचा अंदाज घ्यावा. तो ओळंबा पावलांच्या मागे पडत असेल, तर मूर्ती कितीही सफाईने जोडली तरी ती मागे कोसळत असल्याचा भास होणारच. चालण्याची क्रिया दाखवायची असल्यास ओळंबा पुढच्या पावलाच्या जवळ आणावा. घरातील कोणाला तरी पाठुंगळी घेऊन स्वतःचे छायाचित्र बाजूने काढून घेतल्यास या विषयावरील कोणत्याही आकृतीपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

कापण्यासाठी तीन जागा पुरतील. कमरपट्ट्याच्या वरच्या कडेने पातळ पात्याच्या करवतीने धड वेगळे करावे आणि पुढच्या बाजूने पाचरीच्या आकाराचा लहान तुकडा काढावा, म्हणजे धड पुढे झुकेल. नंतर एका पायाला गुडघ्यामागून खाच देऊन तो वाकवावा. मान कापून डोके किंचित वर फिरवावे. हे सर्व भाग लगेच चिकटवू नयेत. भिंतीवर कागद लावण्यासाठी वापरतात त्या पुन्हा निघणाऱ्या मऊ चिकट गोळ्यांनी ते तात्पुरते बसवावेत, एक रात्र तसेच ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने पाहावेत. प्लॅस्टिक स्वस्त असले तरी एकदा गेलेली पाचर परत येत नाही.

जोडताना पदार्थाचा भेद लक्षात ठेवावा. पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकसाठी असलेला द्रवरूप गोंद दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो, म्हणून तो सांधा मूळ प्लॅस्टिकइतका भक्कम होतो. रेझिन (साच्यात ओतून आळणारी कृत्रिम राळ) किंवा धातू त्या गोंदाने विरघळत नाही; तिथे सायनोअॅक्रिलेट, म्हणजे ज्याला आपण सुपर ग्लू म्हणतो, तोच वापरावा लागतो. हा गोंद ओढ चांगली सोसतो, पण धक्क्याने तडकतो. म्हणूनच भार पेलणाऱ्या सांध्यात १ मि.मी. व्यासाचे छिद्र हातड्रिलने पाडून त्यात पितळी तारेची खुंटी बसवावी. आपल्या मूर्तीत जखमी सोबत्याच्या छातीतून वाहणाऱ्याच्या पाठीत जाणारी एक खुंटी अनिवार्य समजावी. १९८०च्या दशकात अनेक मूर्ती धातूच्या आणि एकसंध असत, आणि त्या काळी असे रूपांतर करणाऱ्याला धातूची मांडी करवतीने कापून हे सारे करावे लागे. आज सुट्या भागांच्या प्लॅस्टिक संचांनी ते श्रम वाचवले आहेत, पण तोलाचा विचार वाचवलेला नाही.

सोबती पोत्यासारखा दिसण्याचे कारण त्याच्या हातांत आहे. शुद्धीवर असलेला जखमी गळ्याभोवती हात घट्ट धरतो, बेशुद्धाचे हात लोंबतात आणि गाल सोबत्याच्या खांद्यावर टेकतो. यांतील एक स्थिती निश्चित करावी आणि ती पायांपर्यंत निभवावी. शेवटची सूचना अशी की, दोघांची डोकी आणि मध्ये अडकणारी ढाल रंगकामानंतर चिकटवावी. ज्या कोपऱ्यात कुंचला पोहोचणार नाही, तो कोपरा आधी बंद करू नये.

प्रश्न : दोन रंगांच्या पट्टीतून मळून तयार होणारी हिरवी एपॉक्सी पुट्टी माझ्या बोटांना आणि अवजारांना चिकटते, आणि मूर्तीवर बोटांचे ठसे उमटतात. कातडी पट्ट्यासारख्या टोकदार कडा तर मुळीच जमत नाहीत.

उत्तर : आपण घाई करीत आहात. पिवळा आणि निळा भाग एकजीव होऊन एकसारखा हिरवा रंग आला की बहुतेक नवशिके लगेच कोरायला बसतात, आणि त्याच वेळी पुट्टी सर्वाधिक चिकट असते. ढोबळ आकार त्या वेळी बसवून घ्यावा, नंतर वीस ते तीस मिनिटे थांबावे आणि मगच बारीक काम सुरू करावे. दीड तासाच्या आसपास ती लवचिक चामड्यासारखी होते. पट्ट्यांच्या आणि बंदांच्या कडा त्या अवस्थेत सर्वांत छान उमटतात. पूर्ण कठीण होण्यास एक दिवस द्यावा.

अवजार ओले ठेवावे. पाण्याने भागत नसेल तर पेट्रोलियम जेलीचा केवळ भास व्हावा इतका थर पुरतो, मात्र तो रंग देण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुऊन काढणे आवश्यक आहे. धातूच्या अवजारापेक्षा मऊ रबरी टोकाचे अवजार वस्त्राच्या घड्यांसाठी उत्तम, कारण ते ओरखडत नाही, ढकलते. पट्टीत निळा आणि पिवळा भाग एकमेकांना जिथे चिकटलेले असतात तेथील अरुंद पट्टा कापून टाकावा. तिथे पुट्टी आधीच आळलेली असते आणि तिचे कण मऊ पृष्ठभागावर खड्यांसारखे वर येतात. निळ्याचे प्रमाण थोडे वाढवल्यास पुट्टी अधिक कठीण होते व कडा धारदार येतात, पिवळे वाढवल्यास ती मऊ आणि लवचिक राहते. तलवारीसाठी पहिले मिश्रण, झग्यासाठी दुसरे.

प्रश्न : मी पुट्टीने स्वतः घडवलेल्या भालाईताचा सिलिकॉनचा दोन भागांचा साचा केला. पहिल्या वेळी मूर्तीला लागून असलेले सिलिकॉन आठवडा उलटला तरी चिकट राहिले. दुसऱ्या वेळी वेगळे सिलिकॉन आणले, साचा चांगला निघाला. पण रेझिन ओतल्यावर भाल्याचे टोक, हनुवटी आणि कोपर दर वेळी अपुरे येतात, शिवाय अंगभर बारीक बुडबुडे असतात.

उत्तर : आपल्या पत्रात तीन स्वतंत्र दोष एकत्र आले आहेत, आणि ते वेगळे करून पाहिले तर तिन्ही सुटण्यासारखे आहेत.

चिकट राहिलेले सिलिकॉन बहुधा प्लॅटिनम उत्प्रेरकाचे होते. हे सिलिकॉन फारच कमी आकसते, साचा अनेक वर्षे टिकतो, पण काही पदार्थांच्या सान्निध्यात त्याचे आळणे थांबते. गंधक हा त्यांतला कुप्रसिद्ध पदार्थ असून शिल्पकामाच्या अनेक तेलकट मातींत आणि लेटेक्सच्या हातमोज्यांतही तो असतो. एपॉक्सी पुट्टीतील अमाइन गटाची रसायनेही हाच उपद्रव करतात, विशेषतः पुट्टी ताजी असेल तर. आपण मूर्ती पुट्टीने घडवली आणि, पत्रातील वर्णनावरून दिसते त्याप्रमाणे, ती तेलकट मातीच्या गादीवर निजवली, म्हणजे दोन्ही शत्रू एकत्र बोलावले. कथिल उत्प्रेरकाचे सिलिकॉन या बाबतीत पुष्कळ सहनशील असते. ते थोडे अधिक आकसते आणि त्याचा साचा काही वर्षांनी ठिसूळ होतो, पण घरगुती कामासाठी मी नवशिक्यांना तेच सुचवतो. प्लॅटिनमचेच वापरायचे असल्यास गंधकरहित माती घ्यावी, पुट्टी पूर्ण आळू द्यावी, मूर्तीवर अॅक्रिलिक लॅकरचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि मूर्तीच्या न दिसणाऱ्या भागावर सिलिकॉनचा एक थेंब टाकून तो आळतो की नाही हे आधी पाहावे. एका थेंबाची ही कसोटी न घेतल्यामुळे मी स्वतः एक महिना खपून घडवलेली मूर्ती चिकट लगद्यातून बाहेर काढताना मोडली आहे, आणि ती हळहळ अजून गेलेली नाही.

आता अपुऱ्या राहणाऱ्या टोकांविषयी. भाल्याचे टोक, हनुवटी आणि कोपर यांत समान काय आहे, याचा विचार करावा. साचा ज्या स्थितीत उभा राहतो त्या स्थितीत ही ठिकाणे बंद पोकळीची सर्वांत उंच टोके असणार. रेझिन खालून वर चढते, हवा त्याच्यापुढे पळते आणि जिला बाहेर जायला वाट नाही ती हवा तेथेच अडकते. म्हणून साच्याची आखणी करतानाच मूर्ती कशी टांगायची हे ठरवावे. माझ्या अनुभवात मूर्ती उलटी, पाय वर करून ठेवणे सर्वांत सोयीचे, कारण ओतण्याचे तोंड तळव्यांपाशी येते आणि तेथील खूण बैठकीखाली लपते. तरीही उंचावलेला हात, वळलेले कोपर किंवा झग्याची उलटी कड अशी जागा उरतेच. प्रत्येक अशा टोकापासून साच्याच्या वरच्या कडेपर्यंत धारदार पात्याने केसाइतकी बारीक हवावाट कोरावी. रेझिन त्या वाटेतून डोकावले म्हणजे ते टोक भरले असे समजावे. नंतर ती काडी कापून टाकणे हे क्षणाचे काम आहे.

साच्याचे दोन भाग जेथे मिळतात ती रेषा कोठून न्यावी, यावर पुढचे निम्मे श्रम अवलंबून आहेत. ती चेहऱ्यावरून किंवा सपाट ढालीवरून कधीही जाऊ देऊ नये. झग्याची कड, पट्ट्याची धार, केसांची बट, तलवारीची पाठ अशा मूळच्याच कडांवरून ती वळवत न्यावी, म्हणजे तिचा अवशेष खरवडताना मूर्तीला इजा होत नाही. मातीच्या गादीत मूर्ती अर्धी बसवल्यावर सभोवती कुंचल्याच्या मागच्या टोकाने वाटोळे खळगे करावेत. त्यांचे उंचवटे दुसऱ्या भागात बसून दोन्ही भाग सरकणार नाहीत. पहिला भाग आळल्यावर माती काढून, पृष्ठभागावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊनच दुसरा भाग ओतावा. सिलिकॉनला जवळजवळ काहीच चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन असे चिकटते की नंतर सुरीशिवाय मार्ग उरत नाही. मूर्तीभोवती सर्व बाजूंनी किमान १ सें.मी. भिंत ठेवावी, सिलिकॉनचा पहिला थर कुंचल्याने चेहऱ्यात आणि घड्यांत बसवावा आणि उरलेले एका कोपऱ्यातून, उंचावरून, दोऱ्याइतक्या बारीक धारेने ओतून त्याला स्वतःच्या गतीने मूर्तीवर चढू द्यावे. त्या बारीक धारेत बुडबुडे ताणले जाऊन फुटतात.

अंगभर दिसणारे बारीक बुडबुडे मात्र बव्हंशी ओलाव्याचे असतात. पॉलियुरेथेन रेझिनच्या एका भागातील आयसोसायनेट पाण्याच्या संपर्कात आले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि रेझिन फेसाळते. उघडी राहिलेली बाटली हवेतील बाष्प शोषते, लाकडी काडीतही ओलावा असतो. बाटली वापरानंतर लगेच घट्ट बंद करावी, ढवळण्यासाठी प्लॅस्टिकची काडी घ्यावी, साचा कोरडा आणि किंचित कोमट असावा आणि त्यात टाल्कम पावडर भुरभुरून उरलेली झटकून टाकावी. पावडरीमुळे रेझिन अरुंद भागात सहज सरकते. मिश्रणाचे प्रमाण डब्यावर वजनात दिले आहे की आकारमानात, हे नीट वाचावे. अनेक रेझिन मिसळल्यापासून तीन-चार मिनिटांतच दाट होऊ लागतात, म्हणून सर्व तयारी झाल्यावरच दोन भाग एकत्र करावेत.

व्यावसायिक ओतकाम करणारे साचा दाबपात्रात ठेवून ४० ते ६० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाखाली रेझिन आळू देतात. त्यामुळे बुडबुडे नाहीसे होत नाहीत, पण दिसेनासे होण्याइतके लहान होतात. ही पद्धत स्वीकारायची असेल तर सिलिकॉनचा साचाही त्याच दाबाखाली तयार केलेला असावा लागतो. अन्यथा सिलिकॉनमध्ये दडलेले बुडबुडे दाबाने चेपतात आणि मूर्तीच्या अंगावर चामखिळीसारखे फोड उमटतात. दाबपात्र त्या दाबासाठी प्रमाणित असलेलेच घ्यावे. कोणतेही जुने भांडे जुळवून वापरणे जिवावर बेतू शकते. आयसोसायनेटमुळे श्वसनाची कायमची संवेदनशीलता निर्माण होऊ शकते, म्हणून हवेशीर जागा, नायट्राइलचे हातमोजे आणि योग्य गाळणीचा मुखवटा यांविना हे काम करू नये, आणि आळलेले रेझिन घासताना कागद ओला ठेवावा.

ज्यांना केवळ एखादी ढाल, कवटी किंवा बिल्ला दहा वेळा हवा आहे, त्यांनी या सगळ्या खटाटोपात पडू नये. गरम पाण्यात मऊ होणारी आणि थंड झाल्यावर रबरासारखी घट्ट होणारी पट्टी मिळते. ती मूळ भागावर दाबावी, निवू द्यावी आणि त्या ठशात पुट्टी भरावी.

प्रश्न : विकत घेतलेल्या मूर्तीच्या प्रती स्वतःपुरत्या ओतल्या तर त्यात गैर काय?

उत्तर : मूर्ती विकत घेतली म्हणजे ती वस्तू आपली झाली, तिच्या शिल्पाच्या प्रती काढण्याचा हक्क आपला झाला नाही. तो हक्क शिल्पकाराचा किंवा प्रकाशकाचा असतो. विकत घेतलेली मूर्ती कापा, जोडा, बदला, हवी तशी रंगवा. पण ओतकामासाठी साचा स्वतः घडवलेल्या भागांचाच करा. बोटाएवढ्या मूर्तीमागे एखाद्या शिल्पकाराचे आठवडेच्या आठवडे असतात, हे स्वतः एक हात घडवून पाहिला की कळते, आणि या छंदात नवीन मूर्ती येत राहाव्यात असे ज्याला वाटते त्याने या बाबतीत पळवाट शोधू नये.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातील जुन्या धातूच्या मूर्तींवर पांढरी भुकटी जमली आहे. मूर्ती लाकडी कपाटात बंद होत्या. ही बुरशी आहे काय? या मूर्ती वितळवून नव्या ओतता येतील काय?

उत्तर : ही बुरशी नाही. जुन्या मिश्रधातूत शिसे अधिक असे, आणि लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, सावकाश बाहेर पडणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने शिशाचे क्षरण होऊन शेवटी लेड कार्बोनेटची भुकटी तयार होते. ती विषारी आहे. तिला फुंकर मारू नये, कोरड्या कुंचल्याने झटकू नये. हातमोजे घालून, ओल्या मऊ कुंचल्याने भुकटी काढावी, पुसलेले कापड टाकून द्यावे, मूर्ती पूर्ण वाळवाव्यात आणि त्यांना काच व धातूच्या, हवा खेळत्या कपाटात हलवावे. क्षरण खोलवर गेले नसेल तर त्यानंतर रंगाचा आणि व्हार्निशचा थर त्यांचे बऱ्यापैकी रक्षण करतो. कथिलाचे प्रमाण अधिक असलेल्या मूर्तींना हा रोग सहसा होत नाही.

वितळवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी कळकळीने सांगतो. वडिलांच्या हाताचा रंग लागलेली मूर्ती पुन्हा मिळणार नाही, आणि शिशाचा रस घरात करण्याची गरजही नाही. धातूचे ओतकाम शिकायचेच असेल तर कथिलप्रधान, शिसेरहित मिश्रधातू घ्यावा. शुद्ध कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. त्यामुळे कथिलाचे काम कमी उष्णतेत होते. साच्यासाठी उच्च तापमान सोसणारे सिलिकॉन लागते, साधे सिलिकॉन लवकर जळते. साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याची क्षणात वाफ होऊन तप्त धातू उडतो, म्हणून साचा हाडासारखा कोरडा असावा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि वितळवण्याचे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये.

प्रश्न : कितीही काळजी घेतली तरी माझ्या मूर्तींचे चेहरे रंगाखाली बुजतात आणि पृष्ठभाग खडूसारखा खरखरीत दिसतो. महागडे रंग घेतले, सर्वांत बारीक कुंचला घेतला, तरी फरक नाही.

उत्तर : खरखरीतपणा रंगाचा नाही, तो त्याखालच्या अस्तराचा आहे. फवाऱ्याचा डबा फार दूर धरला किंवा हवा दमट असली की प्रायमरचे, म्हणजे या अस्तराचे, थेंब मूर्तीवर पोहोचण्यापूर्वीच अर्धवट सुकतात आणि वाळूसारखे बसतात. डबा चांगली दोन मिनिटे हलवावा, २० ते २५ सें.मी. अंतर ठेवावे, फवारा मूर्तीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवावा आणि एकाच वेळी झाकून टाकण्याचा हट्ट धरू नये. त्याआधी रेझिनची मूर्ती कोमट साबणपाण्याने धुतलेली असावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला स्निग्ध पदार्थ तिच्यावर असतो, आणि साच्याच्या रेघा पात्याच्या पाठीने खरवडलेल्या असाव्यात. अस्तराचा रंग काळा देऊन त्यावर केवळ वरून पांढऱ्याचा हलका फवारा मारल्यास प्रकाश कोठे पडतो याचा नकाशाच मूर्तीवर तयार होतो. तो पुढे प्रत्येक रंगाला वाट दाखवतो.

चेहरे बुजण्याचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब करू. २८ मि.मी. मापाच्या मूर्तीत तळव्यापासून डोळ्यापर्यंतची उंची सुमारे २८ मि.मी. असते, म्हणजे ती खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या भागाएवढी झाली. तिच्यावर रंगाचा केवळ ०.१ मि.मी. थर बसला तर तो खऱ्या चेहऱ्यावर ६ मि.मी. जाडीचा लेप दिल्यासारखा होईल. त्या लेपाखाली पापण्या राहतील कशा? म्हणून अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून दोन पातळ हात द्यावेत, आणि पहिला हात पूर्ण वाळेपर्यंत दुसरा देऊ नये. पहिला हात डागाळ आणि अपुरा दिसतो. तिथे धीर सोडून जाड रंग घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. मात्र पाणी अमर्याद वाढवले तर रंगाला धरून ठेवणारा बंधक विरळ होतो आणि कडेला पाण्याचे डाग उमटतात. अतिशय पातळ, पारदर्शक थर हवा असेल तर पाण्याऐवजी अॅक्रिलिक माध्यम मिसळावे. ओल्या स्पंजावर बेकिंगचा कागद पसरून केलेल्या पॅलेटवर रंग तासन्‌तास योग्य पातळपणात राहतो. झाकणाचा कोणताही उथळ डबा त्यासाठी पुरतो.

आपला बारीक कुंचला परत ठेवून द्या. तीन शून्यांच्या कुंचल्यात इतका थोडा रंग मावतो की तो डोळ्यापर्यंत पोहोचेतो सुकतो, आणि सुकलेला रंग म्हणजेच खडू. सेबल केसांचा १ क्रमांकाचा, टोक सुईसारखे जुळणारा कुंचला घ्यावा; तो पोटात रंग साठवतो आणि टोकाने रेघ काढतो. रंग धातूच्या कड्यापर्यंत चढू देऊ नये आणि काम संपल्यावर कुंचला साबणाने धुऊन, ओठांनी नव्हे तर बोटांनी टोक जुळवून ठेवावा.

छाया-प्रकाशाविषयी एवढेच सांगतो की, इतक्या लहान वस्तूवर खोलीतील प्रकाश पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून ती आपल्याला रंगवावी लागते, आणि ती मनाला पटते त्यापेक्षा अधिक गडद ठेवावी लागते. घड्यांत पातळ गडद रंगाचा वॉश उतरू द्यावा, मग मूळ रंग उंचवट्यांवर पुन्हा द्यावा, आणि गालाचे हाड, नाक, कपाळ एवढ्यांवरच उजळ छटा ठेवावी. कोरड्या कुंचल्याने घासण्याची पद्धत लोकर, चिलखताच्या कड्या आणि दगड यांवर सुरेख दिसते. त्वचेवर ती मी कधी वापरत नाही. मूर्ती हातभर अंतरावर धरून पाहावी. युद्धखेळाच्या पटावर ती त्याच अंतरावरून दिसणार आहे.

प्रश्न : माझे वय झाले असून हात थोडा कापतो. हा छंद आता सुरू करणे योग्य होईल काय?

उत्तर : अवश्य सुरू करावा. मूर्ती बाटलीच्या टोपणावर किंवा जाड मुठीवर चिकटवून धरावी, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवावीत आणि कोपरे टेबलावर ठेवावीत, म्हणजे मूर्ती आणि कुंचला एकत्र हलतात व कंप पुष्कळसा नाहीसा होतो. भिंग आणि पांढऱ्या प्रकाशाचा दिवा घ्यावा. डोळ्यांची बुबुळे आधी रंगवावीत आणि मग त्वचेच्या रंगाने त्यांच्या कडा आत आणाव्यात. चूक झाली तरी ती झाकली जाते. ब्रिटिश शिल्पकार मायकेल पेरी यांनी १९९६मध्ये एका ऐतिहासिक लढाईच्या पुनःप्रयोगात तोफेच्या अपघातात उजवा हात गमावला, आणि त्यानंतर ते डाव्या हाताने मूर्ती घडवू लागले. त्यांची नंतरची शिल्पे जगभरातील खेळाडूंच्या पटांवर आहेत.

प्रश्न : तीन महिने खपून रंगवलेल्या ड्रॅगनवर मॅट व्हार्निश फवारले आणि तो धुक्यात बुडाल्यासारखा पांढुरका झाला. रंग काढून पुन्हा सुरुवात करावी काय?

उत्तर : रंग मुळीच काढू नये. दमट हवेत किंवा जाड थर दिल्यावर मॅट व्हार्निश असेच दुधाळ होते, आणि खालचा रंग बहुधा जसाच्या तसा असतो. कोरड्या दिवशी, डबा वापरण्याऐवजी कुंचल्याने, ड्रॅगनच्या पंखाच्या खालच्या बाजूला चकाकीच्या अॅक्रिलिक व्हार्निशचा एक पातळ हात द्यावा. ते ओले असतानाच रंग परत दिसू लागला आणि वाळल्यावरही टिकला, तर संपूर्ण मूर्तीवर तोच हात द्यावा व एक दिवस थांबावे. मग मॅट व्हार्निशही कुंचल्यानेच, बाटली नीट हलवून, पंखांपासून शेपटीकडे द्यावे. नखे, दात आणि डोळे चकाकते राहू द्यावेत, त्यांना ती चकाकी शोभते.